विहीणबाईंनी एकदाच विचारलं

तीर्थरूप आर्डिसताईस,

धाकट्या डेल्मरचा नमस्कार. इकडे माझं बरं चाललं आहे, म्हणजे गुडघा दुखायचा तिथेच दुखतो आणि नेवाडातला उन्हाळा आमंत्रणाची वाट न बघता मे महिन्यातच येऊन बसला आहे. तिकडे मिनेसोटात तळ्यावरचा बर्फ आता वितळला असेल. तुझी कंबर कशी आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की दारातला बर्फ उपसताना काहीतरी 'कट्' झालं, आणि लगेच पुढच्या ओळीत बटाट्याच्या हॉटडिशची कृती सुरू केलीस. त्यामुळे ते 'कट्' कमरेत झालं की फावड्यात, हे मला पत्र उलटसुलट वाचूनही उमगलं नाही. नीट कळव.

पत्र लिहायला विशेष कारण काही नाही. (खरंच नाही. सहज बसलो होतो.) लिनियाचं लग्न ठरल्याचं तुला कळवलंच आहे. मुलगा आस्गर, डेन्मार्कचा, इथे लास व्हेगसमधल्या एका मोठ्या हॉटेलातली कारंजी सांभाळतो. वाळवंटात पाणी उडवायला डेन्मार्कहून माणूस का आणावा लागतो ते मला विचारू नकोस; मी आयुष्यभर जुगाराची यंत्रं दुरुस्त केली, मला पाण्यातलं कळत नाही. पोरगा सज्जन आहे. अडचण एकच. त्याच्या आईवडिलांचं तिकडे ओदेन्स गावात मोठं घर आहे आणि त्याचा खालचा मजला त्यांना या दोघांना द्यायचा आहे. लिनिया म्हणाली होती, "बाबा, अजून काही ठरलेलं नाही. आस्गरचे आईबाबा येतायत, तेव्हा बोलू." आई गेल्यापासून, आपली फिलिस गेल्यापासून, पोरगी माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. दर गुरुवारी हॉस्पिटलातली पाळी संपवून माझ्याकडे जेवायला येते, माझा फ्रिज उघडते, नाक मुरडते आणि आतल्या अर्ध्या वस्तू फेकून देते. ती तिकडे गेली तर माझं काय होणार? तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की व्याही-विहिणीची अशी सरबराई करायची, की त्यांनीच म्हणावं, राहू दे पोरांना इथेच.

तर ते आले. व्याही प्रेबेन, उंच, निवृत्त दंतवैद्य, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघतात. विहीणबाई बोदिल, निवृत्त सुईण, हातात सदैव विणकाम. आणि पहिल्याच दिवशी माझा गोंधळ उडाला. घरी आल्यावर मी विचारलं, कॉफी घेणार? बोदिलबाई म्हणाल्या, "हो, घेईन." पहिल्याच फटक्यात! मी किटली हातात धरून तसाच उभा. ताई, आपल्या घरात असं कधी कुणी केलंय का? आईनं आपल्याला काय शिकवलं? पहिल्यांदा विचारलं की 'नको नको, आत्ताच झाली.' पुन्हा विचारलं की 'कशाला उगाच त्रास.' आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग 'बरं, केलीच असेल तर अर्धा कप.' आपलं सगळं गावच तसं. आपले पाद्रीबुवा तर तीनदा बोलावल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पायसुद्धा टाकत नसत, मग बाहेर कितीही बर्फ पडत असो. इथे बाईंनी दुसरा कपसुद्धा स्वतःच ओतून घेतला. उलट प्रेबेनना मी रूबार्बच्या आंबट देठांचा केक विचारला तर ते "नको" म्हणाले. मी अर्थातच पुन्हा विचारलं. पुन्हा नको. मग मी बशीत वाढूनच दिला, कारण माणूस किती संकोची आहे ते दिसतच होतं. त्यांनी तो खाल्ला आणि नंतर पोट धरून बसले. लिनिया म्हणाली, त्यांना रूबार्ब सोसत नाही. मी म्हटलं, मग तसं म्हणायचं ना! ("ते तेच म्हणत होते, बाबा.") मला काही समजेना.

मग मी विचारलं, काय काय बघायचंय? धरण आहे, लाल खडकांची दरी आहे. तर प्रेबेन लाजत लाजत म्हणाले, मला वाळवंटात बंदूक चालवायची आहे. म्हणे तिकडे शेजारीपाजारी सगळ्यांनी बजावलंय, नेवाडाला जाऊन ते केलं नाहीस तर गेलास कशाला? जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणणारा शांत माणूस, त्याच्या मनात हे! वर म्हणतात, "तुम्ही तर इथलेच. तुम्हाला काय, रोजचंच असेल." ताई, तुला ठाऊक आहे मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. हरणांच्या शिकारीच्या मोसमात बाबा मला रानात न्यायचे ते कॉफी उकळायला. आणि ती नेमबाजीची मैदानं पर्यटकांसाठी असतात, आम्ही इथे राहणारी माणसं कशाला मरायला तिकडे जातोय! पण मी म्हटलं, "हो, असतं थोडंफार." का म्हटलं, देव जाणे. आणि एकदा म्हटलं म्हणून फिलिसनं हौसेनं आणलेली ती रुंद काठाची टोपीही काढून घातली.

लिनिया आणि आस्गर कामावर. आम्ही तिघं हॉटेलापासून सुटणाऱ्या पर्यटकांच्या गाडीत बसून गेलो. मैदान म्हणजे तीन बाजूंनी मातीचे उंच बांध, चौथ्या बाजूला पत्र्याची शेड, समोर लांबवर टांगलेल्या लोखंडी तबकड्या आणि शेडमध्ये जमिनीवर आखलेली एक पिवळी रेघ. तिथली मुख्य ट्विला नावाची बाई, आवाज असा की बंदुकीची गरज नाही. सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी जाडजूड झाकणं चढवण्याआधी तिनं दम भरला. "इथे हुकूम फक्त माझा चालतो. पण एक गोष्ट कुणीही करू शकतं. काही वावगं दिसलं की मोठ्यानं ओरडायचं, 'थांबा!' ते ऐकलं की बंदूक खाली ठेवायची आणि रेघेच्या मागे यायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, नंतर बघू. कळलं का हो, टोपीवाले?" मी म्हटलं, कळलं. एवढ्या गर्दीत मीच एक न कळणारा असा तिला का वाटलो, ते मात्र कळलं नाही.

प्रेबेननी पहिली गोळी दोन्ही डोळे मिटून मारली आणि दुसरीही. तिसरीला ट्विलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "डॉक्टर, एक तरी डोळा उघडा, तबकडी बिचारी कधीची उभी आहे." मग बोदिलबाई पुढे झाल्या. विणकाम पिशवीत ठेवलं, चष्मा पुसला, बंदूक उचलली आणि टण्ण! टण्ण! टण्ण! एकही चुकली नाही. ट्विलानं विचारलं, कुठे शिकलात हो? तर म्हणतात, "कुठेच नाही. बाळंतपणं केली. हात हलू द्यायचा नाही आणि घाई करायची नाही." शेजारच्या जागेत ओहायोहून आलेली पोरांची टोळी होती. त्यांच्यातल्या एकाचं लग्न होतं, त्याला मुकुट घातला होता, आणि त्यांनी जादा पैसे भरून तबकडीऐवजी कलिंगड ठेवून घेतलं होतं. चांगलं कलिंगड, ताई, खायचं.

आता माझी पाळी. मी बंदूक जवळ ओढून, वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं लांब बघत उभा राहिलो. (वेळ काढत होतो.) तेवढ्यात समोर तबकड्यांच्या मधोमध एक दगड चालायला लागला. आधी वाटलं, उन्हानं डोळे फिरले. मग त्या दगडाला मान फुटली. आणि मी ओरडलो, "थांबा!" असा ओरडलो की मलाच घाबरायला झालं. झालं! सगळ्यांच्या बंदुका खाली, सगळे रेघेच्या मागे. ट्विलानं दुर्बीण लावली आणि कपाळावर हात मारला. "कासव आहे. बसा आता."

बसा म्हणजे खरोखरच बसा. आमच्याकडच्या या वाळवंटी कासवाला हात लावायचा नाही असा कायदाच आहे. घाबरलं की ते पोटात साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं आणि मग पुढे तहानेनं मरतं. त्यामुळे कुणी हुसकायचंही नाही. ते आपलं चालत चालत एका तबकडीच्या सावलीत गेलं आणि पाय आत घेऊन बसलं. ओहायोची पोरं कुजबुजायला लागली, "चल की रे बाबा! घरी बायको वाट बघत असेल." ट्विला खेकसली, तेही हळू आवाजात, "त्याला पळवलंत तर दंड तुमच्याकडून घेईन." सगळ्यांनी कानांवरची झाकणं मघाशीच काढली होती. एवढ्या धडामधुडुमीनंतर अशी शांतता, की बोदिलबाईंच्या सुया ऐकू यायला लागल्या.

आणि तेव्हा त्या म्हणाल्या, "डेल्मर, मी तुम्हाला सरळच विचारते. आम्ही पोरांना खालचा मजला देतोय. पण तुम्ही इथे एकटे आहात. लिनिया इथेच राहायला हवी असेल तर तसं सांगा. मी आस्गरला समजावीन, आम्ही तो विषय पुन्हा काढणार नाही. हवी आहे का?"

ताई, मला दुसरं काय हवं होतं गं? एवढी सरबराई, ती टोपी, ते रूबार्ब, सगळं कशासाठी? आणि तोंडातून काय निघालं? "छे छे, माझं काय! पोरांची सोय बघा. मी आपला मजेत आहे." आता तूच सांग, याचा अर्थ काय होतो? तुला कळतो, पाद्रीबुवांना कळला असता, आपल्या दूधवाल्यालाही कळला असता. याचा अर्थ, हो, हवी आहे, फार हवी आहे, पुन्हा एकदा विचारा. बोदिलबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. मग ठरलं." आणि मोज्याची टाच वळवायला घेतली.

बरं! मी वाट बघत बसलो. म्हटलं, ही ओळ संपली की विचारतील. ओळ संपली, दुसरी सुरू झाली. मी म्हटलं, इथली हवा कोरडी असते, सांध्यांना फार चांगली, नव्या जोडप्याला मानवते. तर त्या काळजीनं म्हणाल्या, "आस्गरच्या सांध्यांना काही झालंय का?" मी म्हटलं, तसं नाही, मी मघाशी म्हणालो ना, ते आपलं... तर माझ्या हातावर थोपटून म्हणतात, "मला फार आवडलं ते. दुसरा असता तर आडून आडून बोलला असता." तिकडे सगळं मैदान कासव कधी उठतं म्हणून डोळे लावून बसलेलं, आणि मी एकटा मनातल्या मनात त्याला विनवतोय, बस रे राजा, आणखी थोडा वेळ बस, बाई अजून विचारतील. पण ते उठलं आणि बांधाच्या कडेनं निघून गेलं. पोरांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या. ट्विला म्हणाली, "चला टोपीवाले, तुमचीच पाळी राहिलीय."

मी काय केलं ते मला आठवत नाही. खांद्याला धक्का बसला, आणि शेजारच्या नवरदेवाचं कलिंगड फुटून चौफेर उडालं. ट्विला म्हणाली, "तुमची तबकडी इकडे होती हो!" पोरं मात्र खूश. "काका, एका गोळीत!" म्हणून मुकुट माझ्या टोपीवर चढवला. प्रेबेन अजून सगळ्यांना सांगतात की डेल्मरनी तबकडी फार सोपी म्हणून सोडून दिली. त्या दिवशी जेवताना बोदिलबाईंनी लिनियाला सांगितलं, तुझे बाबा केवढ्या मोठ्या मनाचे आहेत. लिनियानं काटा खाली ठेवला. "बाबा, खरंच चालेल तुम्हाला?" मी म्हटलं, "न चालायला काय झालंय?" ती उठली, फ्रिज उघडून बराच वेळ उभी राहिली आणि काहीही न फेकता परत आली.

तर असं सगळं छान पार पडलं. ऑगस्टात लग्न, नंतर दोघं ओदेन्सला जातील. तू लग्नाला येच. मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
डेल्मर

ता. क. कंबर शेकत जा. हॉटडिश करून बघितली, खाली लागली.

ता. क. आणखी एक, अगदी किरकोळ. त्या दिवशी निघताना लिनिया म्हणाली, "बाबा, मग तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. खाली एक खोली जास्तीची आहे." मी म्हटलं, "छे गं, मी म्हातारा तिकडे येऊन काय करू!" सकाळी फोन करून तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "कशाला उगाच तुम्हाला त्रास." त्यानंतर विषयच नाही. ताई, पोरगी त्या लोकांत राहून बिघडली, तिला वाटतंय मी नाही म्हणालो! फोन वाजला की हा गुडघा घेऊन मी धावत सुटतो, आणि ती विचारते, जेवलात का? तू तिची आत्या आहेस. तू तिला सहज एक पत्र टाक, हवापाण्याचं लिही, आणि मध्येच कुठेतरी लिही की बाबाला अजून एकदा विचार. लवकर लिही.

ता. क. हे मी तुला सांगितलं का असं तिनं विचारलं, तर नाही म्हण. पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हण. तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र खरं सांगून टाक. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे पोरगी अजून आपलीच आहे.