बनावटीचं साल

२ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! दादानं शब्द टाकला म्हणून मालकांनी मला घेतलं, तरी तासभर उलटसुलट विचारून घाम काढलाच. राहायला दादा-वहिनींकडे. वहिनीनं शिवणयंत्राची खोली रिकामी करून दिली आणि दिल्या दिल्या बजावलं की चपला बाहेर, टॉवेल दांडीवर, पलंगावर अजिबात नाही. लहानपणापासून ओरडा खात आलेय, इथंही आहेच.

कारखाना म्हणजे एक लांबडी शेड. पत्र्यातून बिजागऱ्या ठोकणारी तीन प्रेस, आणि तिन्हींना हुकूम सोडणारा एकोणीस वर्षांचा कॉम्प्युटर, पिवळा पडलेला. याचा पंखा माझ्या मामाच्या घोरण्याच्या वरताण! कंपनीचं पत्र आलंय, शुक्रवारपासून इतक्या जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट बंद. नवी सिस्टिम याच्यावर चढतच नाही. तेव्हा नवा कॉम्प्युटर आणायचा आणि सगळं त्याच्यावर न्यायचं, हे माझं काम.

इथं प्रेसला नंबर असून कुणी वापरत नाही. उस्तादचं प्रेस, लंबूचं प्रेस, दादाचं प्रेस. उस्ताद एकसष्ट वर्षांचे, दादाला काम त्यांनीच शिकवलं. रोज सकाळी ते चालत्या प्रेसखाली हात धरतात. बाजूचा लाल डोळा हात बघतो, प्रेस तिथल्या तिथं थांबतं, मग दिवस सुरू. मी म्हटलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! ते हसत म्हणाले, डोळा जागा आहे का ते नको बघायला? लंबू म्हणाला, उस्तादांची नखंसुद्धा हे प्रेसच कापतं. दिवसभर असंच चाललेलं असतं त्यांचं. मला ही माणसं आवडली.

४ मार्च, बुधवार

नवीन कॉम्प्युटरनं नाकी नऊ आणले. प्रत्येक प्रेसचं बनावटीचं साल विचारतो. चौकट भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि प्रेसवरच्या पाट्या तर केव्हाच घासून गेल्यात. कंपनीला फोन लावला, तर तुमचं हार्डवेअर जुनं, दोन दिवसांत सपोर्ट संपतोय, आता नवीन तक्रार घेत नाही म्हणून ठेवून दिला. मालक डोक्यावर उभे, दर दहा मिनिटांनी झालं का, झालं का.

शेवटी हजेरीपुस्तक ओढलं आणि ज्याचं प्रेस त्याची जन्मतारीख ठोकून दिली. चाललं की! लाल डोळा मात्र नव्या कॉम्प्युटरला ओळखू येईना. ‘दुर्लक्ष करा’वर टिचकी मारली. उद्या सावकाश बघीन. मालकांना यातलं काही बोलले नाही. नसती कटकट.

६ मार्च, शुक्रवार

काल प्रिंटरच्या नादात डोळ्याचं राहून गेलं.

सकाळी आठला नवीन कॉम्प्युटरवर काम सुरू झालं. उस्तादांनी नेहमीसारखा हात धरला. प्रेस थांबलं नाही. मनगट पत्र्यासारखं कापलं. ते ओरडायच्या आत पत्रा ओढणाऱ्या पकडीनं त्यांची बाही धरली आणि त्यांना आत घेतलं. कोपर, खांदा, मग डोकं. दादा प्रेस बंद करायच्या लाल बटणावर बुक्क्या मारत होता. प्रेस ठोकत राहिलं, एक-एक, बिजागऱ्या ठोकतं तसं. माझ्या चष्म्यावर रक्त उडालं आणि मी ते पुसत उभी राहिले, मूर्खासारखी.

मी मारलं त्यांना. पोलीस आले, मालकांनी सांगितलं की म्हाताऱ्याची जुनी खोड, हात घालायचा. मी गप्प बसले.

७ मार्च, शनिवार

डोळा जोडायला म्हणून गेले. पडद्यावर एक यादी होती, मी कधी न उघडलेली. वर लिहिलेलं, सपोर्ट संपलेलं हार्डवेअर.

पहिलं, वय ६१ वर्षं. काढून टाकलं.
दुसरं, वय ५२ वर्षं. मंगळवारी काढणार.
तिसरं, वय ४४ वर्षं. गुरुवारी काढणार.

ही बनावटीची सालं नाहीत. ही मीच भरलेली माणसं आहेत. लंबू. माझा दादा.

तारीख बदलायला गेले, बदलत नाही. ओळ खोडता येत नाही. फक्त ‘नवीन भाग बसवा’ एवढंच बटण. हात लावायची हिंमत झाली नाही. वायर उपटली, तरी पडदा चालूच. पाचावर धारण बसली माझी.

९ मार्च, सोमवार

मालकांना सगळं सांगितलं, चौकटीसकट. म्हणाले, पोरीनं हाय खाल्लीय, रजा घे. लंबूच्या पाया पडले, उद्या येऊ नको. तो म्हणाला, आमचा सपोर्ट बायकोनं कधीच बंद केलाय. हसला. मला रडू आलं तेव्हा मात्र खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बरं बाई, नाही येत.

१० मार्च, मंगळवार

लंबू आला. कामाला नाही, कालचा विसरलेला डबा न्यायला. प्रेस बंद, वायर तोडलेली. पकडीनं शर्ट धरला. दादानं आणि मी त्याचे पाय ओढले. पाय आले.

पायच आले.

११ मार्च, बुधवार

शेडला कुलूप. पोलिसांचं सील. आतून ठोकल्याचा आवाज येतो, असं शेजारचा सुतार सांगतो.

दादा ऐकत नाही. गेलेले दोघंही माझ्या जिवाचे होते म्हणतो, उद्या घण घेऊन जाणार, ते प्रेस फोडणार. वहिनी रडली, मी रडले. त्याचं आपलं एकच, घण कुठंय?

१२ मार्च, गुरुवार, सकाळ

दादाला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी. वहिनी दाराला पाठ लावून बसलीय. मी सील तोडून शेडमध्ये. वही मांडीवर. लिहिलं नाही तर वेडी होईन.

तिसरी ओळ उघडली. ‘नवीन भाग बसवा’. दादाच्या तारखेवर माझी घातली. मी एकोणतीसची. वयानं मोठं ते आधी काढतो, माझी पाळी आज तरी नाही.

घेतली! माझं वय दिसतंय, दादाचं गेलं. जीव भांड्यात पडला. देवा—

१०.१०

खाली एक पट्टी आली. भरत चाललीय. लिहिलंय—

जुना भाग काढून टाकत आहे.

जुना म्हणजे दादा. बदलला की जुना काढतातच, हे मला, मला कळू नये?

४० टक्के. ‘रद्द’ नाही. कुठंच नाही.

मागं पकड उघडली, मिटली.

६५. वहिनीचा फोन. घण खोलीतच होता, दार फोडलं त्यानं. तिला ढकलून निघालाय. इकडेच. बराच वेळ झाला म्हणते, तू फोन का उचलत नव्हतीस—

८८. कॉम्प्युटर खाली आपटला. पट्टी तशीच.

९४. मोटरसायकल.

माझ्या नावानं हाका मारतोय. घाबरू नको म्हणतोय, आलो म्हणतोय—

९७. शटर. मी शटर आतून लावायचं विस—