पाडव्याला जनरेटरची पूजा

मलकापूर,
१४ मार्च २०२५

तीर्थरूप आबांस,
संयोगिताचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की इथे शेजारी गोळा होतात, म्हणून पत्र.

रविवारी बेदाण्याचं शेड पाहून आले, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. पेट्रोलचा जनरेटर तुम्ही शेडच्या आत, हिरव्या जाळीला खेटून ठेवलाय. शेजारी द्राक्षांवर मारायच्या डिपिंग ऑइलचे कॅन आणि गंधकाचं पोतं! वर चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतत होतात. थोडं सांडलं, मला फाटकापाशी वास आला, तुम्ही मात्र तिथेच उभे. मागून कुणी हाका मारल्या तरी तुम्हाला ऐकू जात नाहीत, आबा.

हे मोटारी दुरुस्त करतात, म्हणून यांना विचारलं. म्हणाले, जनरेटर बाहेर मोकळ्यावर ठेवा. बंद करून पुरता गार होऊ द्या, मगच पेट्रोल भरा, आणि टाकी काठोकाठ नको. एवढं ऐका.

आईला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण पत्र पाठवा.
तुमची संयोगिता

तासगाव,
१९ मार्च २०२५

चि. संयोगितास,
लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. जावईबापूंना सांग, सासऱ्याने सतरा वर्षे तोफखान्यात काढली आहेत. दारूगोळ्याशेजारी झोपलेल्या माणसाला तू डबाभर पेट्रोलची भीती घालतेस!

तरी तुझ्या शब्दाखातर जनरेटर बाहेर काढला होता. दुसऱ्याच दिवशी आभाळ आले, म्हणून उचलून पुन्हा आत घेतला. लाइटचा भरवसा नाही. फवारणीचा पंप मधेच थांबला तर बेदाणा काळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. थंड होईपर्यंत वाट बघायला सवड कुणाला आहे?

नव्या यंत्राचा पहिला पाडवा आहे. तुझ्या आईने हार सांगून ठेवलाय. टाकीवर कापूर लावून साग्रसंगीत पूजा करणार आहोत. नातवाला घेऊन ये, उगाच काळजी करत बसू नकोस.
आबा

मलकापूर,
२४ मार्च २०२५

तीर्थरूप आबांस,
कृ. सा. न. वि. वि.

टाकीवर कापूर? हळदकुंकू वाहा, हार घाला, नारळ लांब दगडावर फोडा, पण निरांजन, उदबत्ती, कापूर काही जवळ नेऊ नका. देव रागावणार नाही, मी जबाबदारी घेते.

वीरधवलची परीक्षा आहे, नाहीतर आजच आले असते. आईचा फोन सारखा बंद लागतोय. हे पत्र पाडव्याआधी पोचू दे, एवढंच रोज म्हणते.

एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी एवढा वास सुटला होता, तुम्ही का हलला नाहीत?
संयोगिता

तासगाव,
३१ मार्च २०२५

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद. आधी हे वाच: आम्ही दोघेही सुखरूप आहोत.

तुझे पत्र आज मिळाले, पाडवा काल झाला. पूजेत यंत्र चालू असावे म्हणून मी टाकी काठोकाठ भरली. तुझी आई ताट घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मोठ्याने म्हणाली, "आवं, पेट्रोलचा वास येतोय लय. मी न्हाई आत येत." मी म्हणालो, कसलाही वास नाही, मुहूर्त टळतोय. ताट तिच्या हातून घ्यायला गेलो, तर तिने तांब्यातले पाणी सरळ निरांजनावर ओतले. सणासुदीला दिवा विझवला! मी नको नको ते बोललो. तिने टाकीखाली बोट दाखवले.

टाकीचे झाकण नीट बसले नव्हते. खालचे गोणपाट भिजून चिंब झाले होते. हात लावला तेव्हा कळले. मी कापूर लावला असता, आणि ती माझ्या शेजारी उभी असती.

जनरेटर आता बाहेर फरशीवर, शेडपासून वीस पावलांवर आहे. गार झाल्याशिवाय टाकी उघडत नाही. पंप थांबला तर थांबला.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. कोरोनाच्या तापानंतर मला वास येत नाही, कशाचाच नाही. कान आधीच गेलेले, त्यात हे सांगितले तर तुम्ही मला शेडवर पाऊल टाकू देणार नाही, म्हणून लपवले. तुझ्या आईला सांगायचे धाडस अजून होत नाही. गेली चार वर्षे ती रोज आमटीला फोडणी देते आणि मी रोज म्हणतो, साळू, काय घमघमाट सुटलाय.

परीक्षा संपली की ये. तू जवळ असलीस तर सांगता येईल.
तुझा आबा