शेवटचा चालू कॉल

प्रिय ढब्बू,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? 'काय म्हणतंय तुमचं एक्सचेंज' असं विचारतोस आणि उत्तर यायच्या आत ठेवून देतोस. आई बरी आहे. नवा चष्मा डोळ्यांवर असताना जुना शोधत फिरते. मागच्या खेपेला तू सगळ्यांना पोट धरून हसवलंस आणि स्वतः दोन घास खाऊन उठलास, हे तिच्या लक्षात आलंय. माझ्याही.

तर माझं एक्सचेंज. जीव नकोसा झालेली माणसं आमच्या हेल्पलाइनला फोन करतात. तो फोन आधी माझ्या सर्व्हरवर येतो आणि सर्व्हर मोकळ्या समुपदेशकाला जोडून देतो. बोलणं संपेपर्यंत दोघांमधली लाइन त्या मशीनच्या हातात असते. मशीन बंद पडलं की बोलणं तिथल्या तिथे तुटतं.

मंगळवारी भर दुपारी त्या मशीनने आचके द्यायला सुरुवात केली. रेकॉर्डिंगनी डिस्क गच्च भरली होती, आवाज तुटत होते. रीस्टार्टशिवाय गत्यंतर नव्हतं. नवे फोन मी दुसऱ्या सर्व्हरवर वळवले. पण चालू कॉल असा उचलून हलवता येत नाही, तो आहे तिथेच संपू द्यावा लागतो. एकेक करत सगळे संपले. एक राहिला.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दुसरं मशीन एकट्याने सगळा भार ओढत होतं, तेही बसलं असतं तर सगळ्यांचेच फोन तुटले असते. चुकत नव्हते ते. म्हणाले, "एकासाठी किती थांबायचं? परत लावेल तो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणि नाही लावला तर?"

जुन्या फायली धडाधड उडवल्या. जेवढी जागा व्हायची तेवढी लगेच भरायची. काचेपलीकडे त्या कॉलवरच्या समुपदेशक बाई हेडफोन कानाशी घट्ट दाबून बसल्या होत्या, म्हणजे आवाज नीट येत नसणार. शेवटी मी त्या कॉलचं रेकॉर्डिंगच बंद केलं. नियमात बसत नाही, पण मशीनला जरा श्वास मिळाला. साहेबांनी तोंड फिरवलं, अडवलं नाही. आणि थोड्या वेळाने स्क्रीनवरची ती हिरवी ओळ अचानक गेली. फोन त्याने ठेवला, की माझ्या मशीनने तोडला? बाईंनी हेडफोन काढला, घटाघटा पाणी प्यायल्या आणि दारातून म्हणाल्या, "उद्या परत बोलणार आहेत." मग मी रीस्टार्ट केलं.

साहेबांना कळवण्यासाठी त्या कॉलचा नंबर बघितला. आमच्याकडे शेवटचे चारच आकडे दिसतात. ते तुझ्या नंबरचे होते. आपण दोघांनी एकाच दुकानातून लागोपाठ घेतलेले नंबर, शेवटच्या आकड्याचाच काय तो फरक. चार आकडे हजारो जणांचे जुळतील, कळतं मला. अर्धंमुर्धं रेकॉर्डिंग आहे, ते उघडायला मला एक बटण पुरे. उघडलेलं नाही, उघडणारही नाही. आईला काही बोलले नाही. तो तू नसशील तर जन्मभर चिडव मला. असशील तर बाईंशी बोलत राहा, त्या चांगल्या आहेत. मला फार भीती वाटली रे. शनिवारी येतेय. काही विचारणार नाही. दार तेवढं उघड.

तुझीच,
भांडकुदळ ताई