कात्रीने कापलेला दोरा

प्रिय बाबा,

रागात लिहिते आहे. रविवारपासून चार दिवस झाले तरी राग उतरलेला नाही. त्या दिवशी तुम्ही माझी उसवलेली बाही शिवलीत आणि दोरा कात्रीने कापलात. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. चाळीस वर्षं शिंपीकाम करणारा, आयुष्यभर समोरच्या दातांनी दोरा तोडणारा, त्यासाठी आईची बोलणी खाणारा माणूस मुकाट्याने कात्री शोधायला लागला की मुलीला वेगळं काही सांगावं लागत नाही. सफरचंदसुद्धा किसून खाल्लंत. दोऱ्याचं विचारलं तर म्हणालात, कात्रीला नवी धार लावलीये, म्हणून. थाप मारायची तर निदान बरी तरी मारायची!

मग मी न्हाणीघरात गेले. तिथे फळीवर तुमचा दवाखाना मांडलेला. मिठाची बरणी, लवंगेचं तेल, हळदीची डबी आणि आरशाला चिकटवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, ‘हिरड्या घरीच बऱ्या करा’. त्यातलं सगळंच खोटं नाही. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरली की आराम पडतो. पालेभाज्या, ताजी फळं खावीत, गोड कमी करावं, हे दातांच्या डॉक्टरीणबाईही सांगतात. पण तुम्ही चूळ भरता आणि लगेच लिंबाची गोळी गालात धरून मशीनवर बसता! दिवसाला दहा गोळ्या. एका हाताने शिवायचं आणि दुसऱ्या हाताने उसवायचं, असं करणारा कारागीर तुम्ही दुकानात एक दिवस तरी ठेवला असता का? आणि कात्रणाची शेवटची ओळ तुम्ही कापून टाकलीत. माप चुकलं तुमचं, अक्षरांचे शेंडे राहिलेत. ‘आठवड्यात फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवा.’ मी वाचलं ते.

ब्रश तर नव्यासारखा कोरा. त्याचं कारण मला विचारू नका, मला पाठ आहे. सात वर्षांची होते, दुधाचे दात पडून तुमची ‘बोळकी’ झाले होते. हिरडीतून रक्त आलं म्हणून रडत तुमच्याकडे आले. तुम्ही मला मशीनशेजारी बसवलंत, मीठपाणी दिलंत आणि सांगितलंत, रक्त येतं तिथे ब्रश लावू नकोस, दुखऱ्या जागेला हात लावायचा नसतो. तो आपल्या घरचा कायदाच झाला. आई गेल्यावरही तुम्ही तोच चालवलात. तीन वर्षं आपण फोनवर हवापाण्याचं बोलतो, तिचं नाव निघालं की तुम्हाला गिऱ्हाईक येतं. त्याचाही राग आहे मला, पण तो पुन्हा कधीतरी.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? रविवारी हे सगळं तोंडावर बोलले नाही, कारण माझाच गाल ठणकत होता. तुम्ही लपवत होतात, मीही लपवत होते. बापाचीच लेक. काल माझे खालचे दोन दात काढले. दात धडधाकट होते, पण खालचं हाड झिजून गेलं होतं, धरायलाच काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त यायला लागलं तेव्हाच यायचं होतं, आणि जिथून रक्त येतं तिथेच तर हलक्या हाताने ब्रश फिरवायचा असतो. तीस वर्षं तुमचा कायदा पाळला मी, बाबा. तीन टाके पडलेत. तुमच्याइतके सुबक नाहीत. तोंड उघडता येत नाही म्हणून हे पत्र, नाहीतर फोनवर असा आवाज चढवला असता की शेजारी धावत आले असते. तुमचे दात अजून फक्त हलताहेत. मला भीती वाटते. सोमवारी साडेदहाला त्याच डॉक्टरीणबाईंकडे तुमची वेळ घेतली आहे, मी न्यायला येते. दुकान बंद ठेवा, गोळ्या फेकून द्या. टाके निघाले की मी पोटभर ओरडणार आहे तुमच्यावर, तोवर तुम्ही त्या खुर्चीत बसून तोंड उघडा.

तुमचीच, पुन्हा एकदा,
बोळकी