होडीचं कडं

सांगली, मंगळवार, १९४६

“बसा आक्का, होडीत कुनी परकं नसतंय.” आमचे हे वारले त्या वर्षी, मी अंग चोरून उभी असताना नावाडी म्हणाला होता. पुढे पूल झाला, होड्या बंद पडल्या, आणि घाटावरची उतारूंची पडवी ओस पडली. ती बायकांना बसाउठायला मिळावी म्हणून मी घरोघर फिरले. आज तिला चुना लागला. होडी बांधायचं लोखंडी कडं गवंडी उपटणार होता. मी म्हटलं, राहू दे. सगळ्यांनी लगेच मानलं.

मग महिला मंडळाच्या गोदूताई म्हणाल्या, “शुक्रवारी हळदीकुंकवानं सुरुवात करू. आक्का, तुमी आदल्या दिशी या, निवांत बघून जावा. शुक्रवारी लय गर्दी हुईल.” किती मायेनं म्हणाल्या! मी हसून मान डोलावली. का डोलावली?

निघताना कड्याला हात लावला. उन्हानं अजून गरम होतं. ते राहिलं.

उद्या गोदूताईंकडे जाईन. त्या मायेनंच नाही म्हणतील, ठाऊक आहे. तरी मागेन: कुंकू नको, वाण नको, शुक्रवारी मला फक्त त्या कड्यापाशी बसू द्या.