चौथा रकाना

आंजी (मोठी), मंगळवार, सायंकाळ

सुमनला जाऊन पाच महिने झाले. 'तिला नागपूरला हलवले असते तर?' हा प्रश्न आज अखेर मीनाक्षीपुढे मांडला. ती आपली मुलगी खरी, पण डॉक्टरही आहे.

"बाबा, जनमभर पोरायचे पेपर तपासले, अन् सोताचा प्रश्न असा ढिसाळ? याचं उत्तर कुठं शोधू मी?"

डॉक्टर प्रश्न मांडतात तसे तिने याच वहीत चार रकाने आखले: रुग्ण कोण, उपचार कोणता, कशाच्या तुलनेत, आणि त्यातून काय साधायचे.

पहिले तीन मी तत्काळ भरले. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील स्त्री, मोठ्या रुग्णालयातील उपचार, घरची शुश्रूषा. चौथ्यात लिहिले, 'आयुष्य वाढणे'.

"हे तुमचं झालं. आईले काय पाह्यजे होतं?"

आजारपणात सुमन रोज एवढेच म्हणे, "मले वांग्याच्या वाफ्यापाशी बसवून द्या." शेवटच्या सकाळीही मी तिला तिथे बसवले होते.

केवढे हे शास्त्र! एका रिकाम्या रकान्यात माणसाची इच्छा विचारते. आणि मी इतके महिने…

चौथा रकाना खोडून तिथे 'वांग्याचा वाफा' लिहिले. उत्तरासाठी मीनाक्षीला पुस्तक उघडावे लागले नाही.