चौपन्न मीटर

१२ ऑगस्ट
आजपासून वही. संकल्प तीन. एक, नियमित लिहीन. दोन, भावनेवर नाही, आकड्यांवर बोलेन. तीन, नोकरीचे अर्ज रोज दोन.

परिस्थिती अशी. आमची फुटबॉल टीम गेल्या वर्षी बारा टीममध्ये दहावी आली. शेवटच्या दोन खालच्या लीगमध्ये जातात. यंदा खाली गेलो तर मैदान ट्रकच्या पार्किंगला देणार, असं क्लबच्या सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये सांगितलंय. ट्रकला गवत लागत नाही. गवत नाही, तर बाबांचं तिथे काम नाही. बावीस वर्षं बाबा ते गवत कापतायत, रेषा आखतायत. माझी संख्याशास्त्राची पदवी त्या गवतावर उगवली आहे. घरातली पहिली पदवी. ती आता मैदानाच्या कामी आलीच पाहिजे. शास्त्रीय पद्धतीने टीम वाचवायची, असं ठरवलं आहे.

आई म्हणाली, वाचव हो, पण आधी ते दोन अर्ज भर.

१९ ऑगस्ट
पहिली मॅच, घरच्या मैदानावर. ०-४. आमच्या गोलकीपरला लोक चाळणी म्हणतात. हा चाळणीवर अन्याय आहे. चाळणीत काहीतरी अडकतं.

कोच एरवी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. त्यांची संपूर्ण रणनीती: पुढे बघा आणि घाबरू नका. कोणी चुकलं की बाकावर बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबतात, ब्रेक असल्यासारखा. माणूस चांगला आहे, फक्त मार्गदर्शन हवं.

अर्ज: शून्य. मॅचचा दिवस धरत नाही.

२ सप्टेंबर
कोचना पहिलं निवेदन. सात पानं, दोन तक्ते. पान चारवर त्रिकोणी पासिंग. बाबांबरोबर पाठवलं. बाबांनी हात पँटला पुसून मग पाकीट घेतलं. परत आल्यावर विचारलं, कोच काय म्हणाले? बाबा म्हणाले, तुझ्याकडेच ठेव म्हणाले.

म्हणजे ठेवण्याजोगं वाटलं. सुरुवात उत्तम.

१६ सप्टेंबर
१-३. पण दुसऱ्या हाफमध्ये आमचे तीन खेळाडू चक्क त्रिकोणात उभे होते. पान चार. कोच वाचतायत.

आई मॅचला आली होती. ती म्हणाली, अगं, ते पाणी पीत होते.

७ ऑक्टोबर
आज मोठा शोध लागला.

लीगमधल्या सगळ्या मैदानांची रुंदी मिळवली. बाबांनी प्रत्येक ठिकाणच्या मैदानवाल्याला फोन केला. ही माणसं एकमेकांच्या गवताची चौकशी करतात, आजारी नातेवाइकाची करावी तशी. दोन फोन तर अर्धा अर्धा तास चालले. मग मैदानाची रुंदी आणि आम्ही तिथे खाल्लेले गोल, असा तीन वर्षांचा आलेख काढला. मैदान जितकं रुंद, तितके गोल जास्त. आमचं मैदान सगळ्यात रुंद, अडुसष्ट मीटर. कारण उघड आहे. आमचे डावे आणि उजवे बॅक हे साडू आहेत, दोघंही बेकरीत कामाला, पहाटे तीनला उठतात. हाफटाइमनंतर त्यांना कडेपर्यंत धावत जाणं म्हणजे परगावी जाणं वाटतं.

पट्टी लावून रेषा खाली वाढवली. चौपन्न मीटरला गोल शून्य होतात. लाल पेनाने लिहिलं, आदर्श रुंदी ५४, खाली दोन रेघा.

बाबा आलेखाकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, चौपन्न? मी म्हटलं, गणित तसं सांगतं. बाबा म्हणाले, गणित सांगतं म्हटल्यावर झालंच.

कोचना लिहिलं की रुंदी आपल्या हातात नाही, तेव्हा निदान सगळ्यांना मधोमध उभं करा. नाव दिलं, गर्दी योजना. आलेखाची प्रत जोडली.

२१ ऑक्टोबर
०-२, घरच्या मैदानावर. निम्म्याने सुधारणा.

बाबा आज उजाडताच मैदानावर गेले. खुंट्या, सुतळी, रेषांच्या पांढऱ्या फक्कीची पोती. एवढ्या लवकर का, विचारलं तर म्हणाले, रेषा मारायच्यात. या वयात हा उत्साह. माझ्यामुळे घरात वातावरण बदललं आहे.

११ नोव्हेंबर
१-१, घरच्या मैदानावर! गर्दी योजना लागू झाली. त्यांचा विंगर तीनदा बॉल घेऊन सरळ रेषेबाहेर गेला आणि तिन्ही वेळा लाइन्समनशी भांडला. मानसिक दबाव.

संकल्प दुरुस्ती: अर्ज आठवड्याला दोन.

९ डिसेंबर
घरच्या मैदानावर ०-०. चाळणीच्या हातात बॉल राहिला. तो स्वतःच दचकला.

निरीक्षण: कोचचं बाक रेषेपासून फार लांब वाटतं. याचा फायदा आहे, लांबून खेळ नीट दिसतो. रेषेच्या पलीकडे गवतात एक पिवळा पट्टा दिसला, जुनी फक्की पडल्यासारखा. बाबांना विचारलं. ते म्हणाले, तेवढं गवत विश्रांती घेतंय.

२० जानेवारी
आकडे. घरच्या मैदानावर शेवटच्या चार मॅचमध्ये खाल्लेले गोल: एक. बाहेर शेवटच्या चारमध्ये: अकरा.

निष्कर्ष: बाहेरगावी जाताना कोच माझी पानं बरोबर नेत नाहीत. बाबांना म्हटलं, पुढची पानं प्लॅस्टिकमध्ये घालून देऊ का? बाबा म्हणाले, काळजी करू नकोस, सगळी नीट आहेत.

४ फेब्रुवारी
कोच चौकात भेटले. शिकाऊ मुलगी गाडी चालवत होती, ते शेजारी. मी काचेपाशी जाऊन म्हटलं, सर, गर्दी योजना चांगली बसली. ते म्हणाले, कसली गर्दी? मी म्हटलं, कळलं, इथे नको बोलायला. ते म्हणाले, पोरी, आधी गाडीसमोरून बाजूला हो, हिला ब्रेक अजून सापडलेला नाही.

गुप्तता पाळणारा माणूस. आदर वाढला.

३ मार्च
मुलाखत होती. विमा कंपनी. विचारलं, तुमचं आजवरचं मोठं काम सांगा. मी आलेख काढून दाखवला. चष्मेवाले साहेब म्हणाले, ही रेषा अशीच पुढे नेली तर पन्नास मीटरला उणे गोल होतील. मी म्हटलं, सर, तेच तर उद्दिष्ट आहे.

कळवतो म्हणाले. सूर चांगला होता.

आई म्हणाली, तू त्यांना काय सांगितलंस? मी सांगितलं. आई भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासून झाली होती.

२७ एप्रिल, दुपारी २.००
शेवटची मॅच, घरच्या मैदानावर. आम्ही अकरावे, पाहुणे दहावे, दोन गुणांनी पुढे. हरलो किंवा बरोबरी झाली तर ट्रक. जिंकलो तर गवत. माझे अंदाज तयार आहेत. बाबा नवा शर्ट घालून गेले आहेत.

सायंकाळी ४.५०
जिंकलो. १-०. आमचा फॉरवर्ड पोस्टमन आहे, वर्षभरात त्याने पत्रं सोडून कुठेच काही पोचवलं नव्हतं. आज कॉर्नरचा बॉल त्याच्या पाठीवर आपटून आत गेला. पाठ योग्य जागी होती, म्हणजे योजना योग्य होती. साडू एकमेकांना मिठी मारून तिथेच आडवे झाले. मला वाटतं ते झोपले.

पद्धत सिद्ध झाली आहे. पदवीचं सार्थक.

५.२०
पाहुण्यांच्या कोचने टेप मागवली आहे. कशासाठी ते कळत नाही. म्हणे लीगच्या पुस्तकात रुंदी कमीत कमी साठ असा नियम आहे. मी ते पुस्तक वाचलेलं नाही. मी आकडे स्वतः गोळा केले होते.

५.४०
छप्पन्न.

२८ एप्रिल
नीट लिहून काढते.

रेफरींनी विचारलं, हे कोणी केलं? बाबांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. मग नव्या शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत माझा आलेख. म्हणाले, चौपन्न करायचं होतं साहेब, दर मॅचला दोन्हीकडून हात-दीड हात आत घेत होतो. दोन मीटर राहिले, तोवर सीझन संपला. गणित माझ्या मुलीचं आहे. ती ग्रॅज्युएट आहे.

रेफरींनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. अक्षर छान आहे म्हणाले. कोचनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, अरे, हे भारी आहे, मला कोणी दाखवलं का नाही?

मॅच पाहुण्यांना दिली, ०-३. आम्ही अकरावे. खाली गेलो.

माझी नऊच्या नऊ निवेदनं बाबांच्या अवजारांच्या खोलीत होती, गवत कापायच्या मशीनच्या वरच्या फळीवर, तारखेप्रमाणे लावलेली. बाबांनी सगळी वाचली होती. ज्या शब्दांवर अडले, त्यांच्याखाली पेन्सिलने बारीक खूण होती.

मी विचारलं, बाबा, साठचा नियम तुम्हाला माहीत नव्हता? बाबा म्हणाले, बावीस वर्षं माहीत आहे. पण मला वाटलं, तो जुना असेल, तुझं नवीन आहे.

मग मला विचारलं का नाही? बाबा म्हणाले, तुला काय विचारायचं? शिकलीस तू.

आईने ताट वाढलं. म्हणाली, जेवून घे.

१५ मे
मैदानावर रोलर फिरला. गवत गेलं. सेक्रेटरींनी बाबांना बोलावून घेतलं. ट्रकलाही रेषा लागतात, आणि रेषा मारणारा दुसरा कोणी त्यांना सापडला नाही. गवताचं काम गेलं, फक्कीचं उरलं.

बाबांनी घरी येऊन विचारलं, एका ट्रकला जागा किती रुंद ठेवायची?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

पदवी मिळाल्यापासून हे वाक्य पहिल्यांदाच म्हटलं. बाबा वाट बघत राहिले. म्हणाले, तरी, अंदाजे?

मी अंदाज सांगितला नाही. टेप काढली. कोपऱ्यावर एक ट्रक उभा होता, त्याला एका बाजूने मी लावली, दुसऱ्या बाजूने बाबांनी. ड्रायव्हर म्हणाला, काय हो, विकत घेताय का? बाबा म्हणाले, नाही, मुलगी मोजतेय.

दोन मीटर साठ, आरसे सोडून. आरशांसकट तीन. वहीत दोन्ही लिहिलं. आलेख काढला नाही.